टी५ ते टी९ म्हणजे पोट : ऑटोनॉमिक लेव्हल्सचा वॉलचार्ट आणि फ्लॅशकार्डं, वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. चार्ट घ्या, कार्डं घेऊ नका. दोन्हीचा सेट ५४ डॉलरला आहे, नुसता चार्ट २२ ला मिळतो पण तो त्यांच्या साइटवर खाली कुठेतरी लपवलाय, शोधावा लागतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण असे चार्ट काढणाऱ्या बऱ्याच छोट्या कंपन्या आहेत आणि मी जे सांगणारे ते साधारण सगळ्यांना लागू पडतं.

आता हा चार्ट कशाचा ते. मी अमेरिकेत डीओच्या (डॉक्टर ऑफ ओस्टिओपॅथिक मेडिसिन) तिसऱ्या वर्षाला आहे, ओस्टिओपॅथी म्हणजे हाताने तपासून हाताने ट्रीट करायची पद्धत. डीओ म्हटलं की आपल्या नातेवाइकांत एक ठराविक शांतता पसरते आणि मग मावशी हळूच विचारते की म्हणजे एमडी नाही मिळालं का गं. तर मावशी, इथे डीओ म्हणजे पूर्ण डॉक्टर, औषधं लिहिणारा, ऑपरेशन करणारा, रेसिडेन्सी केलेला, आणि आता अमेरिकेतल्या मेडिकलच्या दर चार विद्यार्थ्यांतला एक डीओच्या कॉलेजातला असतो. इंग्लंडमधला ओस्टिओपॅथ वेगळा, तो रजिस्टर्ड असतो पण तो डॉक्टर नसतो, आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईत ओस्टिओपॅथीचे कोर्स करणारे बरेचदा मूळचे फिजिओ असतात, ते आणखी तिसरंच. आम्हाला बाकी सगळं एमडीवाल्यांसारखंच, फक्त त्यावर पहिल्या दोन वर्षांत साधारण २०० तास हाताने तपासायचं आणि हाताने ट्रीट करायचं शिक्षण जास्तीचं. आणि त्या २०० तासांत ज्या एका गोष्टीने सगळ्यांची झोप उडते ती म्हणजे ऑटोनॉमिक लेव्हल्स, ऑटोनॉमिक म्हणजे आपल्या मर्जीविना अवयव चालवणाऱ्या नर्व्ह. कुठल्या अवयवाला मणक्याच्या कुठल्या लेव्हलवरून सिम्पथेटिक (धावपळीची) नर्व्ह जाते, पॅरासिम्पथेटिक (आरामाची) कुठून येते, आणि तो अवयव बिघडला की पाठीत कुठे हात ठेवल्यावर ते जाणवायला पाहिजे. कॉमलेक्स या डीओंच्या लायसन्स परीक्षेच्या लेव्हल १ ला यावर हमखास प्रश्न असतात. ती परीक्षा २०२२ पासून नुसती पास-नापास झालीय, तरी नापास व्हायची भीती काही कमी झालेली नाही.

तर चार्ट. साधारण दोन बाय तीन फुटांचा, लॅमिनेटेड, मॅट फिनिश, ट्यूबलाइटखाली चमकत नाही हे महत्त्वाचं. मधोमध मणका, डावीकडे सिम्पथेटिक, उजवीकडे पॅरासिम्पथेटिक, अवयवांची चित्रं नीट काढलेली, कुठल्यातरी जुन्या अ‍ॅटलासमधून ढापल्यासारखी वाटत नाहीत. भिंतीवर लावला आणि व्हिडिओ कॉलवर आईने बघितला तर पहिला प्रश्न, हे अ‍ॅक्युप्रेशरचं का गं, आपल्याकडे पण होतं तळपायाचं. मी नाही म्हटलं, पण खरं सांगायचं तर लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसणार आणि ही शंका मनात ठेवूनच पुढचं वाचा, मी पण ठेवलेली आहे.

या चार्टची मला आवडलेली गोष्ट एकच आहे पण ती मोठी आहे. बाकीचे चार्ट अवयवांची यादी देतात, जठर अमुक, यकृत अमुक, स्वादुपिंड अमुक, आणि तुम्ही बसा घोकत. याने अवयव नर्व्हप्रमाणे गटात बांधलेत. टी५ ते टी९ (टी म्हणजे छातीमागचे मणके, एल कंबरेचे, एस त्रिकास्थीचे), ग्रेटर स्प्लँक्निक नर्व्ह, सीलियाक गँगलियन म्हणजे नर्व्ह-पेशींची गाठ, आणि त्या एका रंगात जठर, लिव्हर, पित्ताशय, प्लीहा, स्वादुपिंडाचा भाग, ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीचा) वरचा भाग सगळं एकत्र. मग टी१० टी११, लेसर स्प्लँक्निक, सुपीरियर मेझेंटेरिक गँगलियन, त्यात लहान आतडं, चढतं कोलन (मोठं आतडं), आणि आडव्या कोलनचा पहिला दोन तृतीयांश भाग. मग टी१२ ते एल२, लीस्ट आणि लंबर स्प्लँक्निक, इन्फीरियर मेझेंटेरिक, आणि उरलेलं कोलन ते गुदाशय. म्हणजे पोटाचे एवढे अवयव, पण पाठ करायचे फक्त तीन गट. आणि हे तीन गट कुणी परीक्षेसाठी बनवलेले नाहीत, गर्भात आतड्याची नळी तयार होते तेव्हाच ती फोरगट, मिडगट, हाइंडगट अशी तीन भागांत असते आणि प्रत्येक भागाची रक्तवाहिनी वेगळी, सीलियाक, सुपीरियर मेझेंटेरिक, इन्फीरियर मेझेंटेरिक, नर्व्ह पण त्याच वाहिनीला धरून येतात. आडवं कोलन मधेच दोन तृतीयांशावर का तुटतं हा प्रश्न मला पहिल्या वर्षी फार छळायचा, उत्तर इतकंच की तिथे मिडगट संपतो आणि हाइंडगट सुरू होतो. चार्टवर ती रेष ठळक काढलीय, बारीकशी टीप पण आहे खाली. ज्याने हा चार्ट काढला त्याला विषय कळलेला आहे हे तिथेच लक्षात येतं.

त्याच न्यायाने अंडाशय आणि वृषण टी१० टी११ ला का, एवढे खाली असून लेव्हल इतकी वर का, तर ते गर्भात किडनीच्या शेजारी तयार होतात आणि नंतर खाली उतरतात, येताना आपली नर्व्ह वरूनच ओढत आणतात. म्हणूनच मुतखडा झालेल्या माणसाची कळ कंबरेतून जांघेत आणि अंडकोषात जाते. हे एकदा कळलं की विसरता येत नाही, आणि चार्टवर बाणाने दाखवलंय.

आता रिफ्लेक्सचं. हा भाग चार्टच्या खालच्या पट्टीत आहे आणि जागा कमी दिलीय, माझ्या मते तिथे जास्त द्यायला हवी होती कारण मूळ मुद्दा तोच आहे. अवयवाकडून येणारा निरोप आणि कातडी-स्नायूंकडून येणारा निरोप पाठीच्या कण्यात एकाच लेव्हलला, बरेचदा एकाच पेशीवर येऊन पडतात. मेंदूला आयुष्यभर कातडीचे निरोप घ्यायची सवय, आतड्याचे क्वचित येतात, मग तो त्यांचा पत्ता चुकीचा लावतो आणि दुखणं बाहेर जाणवतं. शिवाय त्याच लेव्हलच्या मोटर (स्नायू हलवणाऱ्या) आणि सिम्पथेटिक पेशी पण चाळवल्या जातात, मग पाठीचे स्नायू आवळतात, तिथली कातडी गरम, दमट होते, हाताला सुजल्यासारखी लागते. अवयवाकडून शरीराकडे म्हणून हा व्हिसरोसोमॅटिक. उलटा सोमॅटोव्हिसरल, म्हणजे पाठीतली गडबड अवयवापर्यंत पोचते असा. पहिला कुठल्याही मेडिसिनच्या पुस्तकात सापडतो, त्याबद्दल वाद नाही, हेन्री हेडने १८९० च्या दशकातच लंडनमध्ये बसून कुठला अवयव दुखला की कातडीचा कुठला पट्टा हुळहुळा होतो याचे नकाशे काढले होते. दुसऱ्याचं मात्र तसं नाही. जपानमध्ये अकिओ सातो यांनी भूल दिलेल्या उंदरांवर दाखवलं की कातडीला चिमटा काढला की जठराची हालचाल, हृदयाचे ठोके, मूत्राशय यांच्यावर परिणाम होतो आणि त्यातले काही परिणाम लेव्हलप्रमाणे बदलतात. म्हणजे वायर आहे हे नक्की. पण वायर आहे म्हणून पाठ दाबून माणसाचा आजार बरा होतो हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि चार्टच्या पट्टीत ही दोन वाक्यं एकाच दमात लिहिलीत जणू एकच गोष्ट आहे. इथे एक स्टार कापला.

अपेंडिक्सचं उदाहरण त्यांनी चांगलं घेतलंय. अपेंडिक्स मिडगटचं, त्यामुळे सुरुवातीची कळ टी१० च्या पट्ट्यात म्हणजे बेंबीभोवती, आणि सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मग उजवीकडे खाली, बोटाने दाखवता येईल अशी. आपल्याकडे पोटात मुरडा आला की घरातलं कोणीतरी म्हणतंच की बेंबी सरकलीय, आणि मग तेल लावून चोळणं, पायाचे अंगठे ओढणं चालू होतं. मिडगटची कुठलीही गडबड बेंबीपाशीच दाखवणार म्हणून सगळ्यांचं बोट तिथेच जातं, त्यात अपेंडिक्स पण आलं. चोळून वेळ घालवू नका एवढंच म्हणते, विशेषतः कळ जागा बदलून उजवीकडे सरकली तर.

आणि हृदय. हा कोपरा मी सगळ्यात जास्त वेळा बघितलेला आहे. हृदय टी१ ते टी५, अन्ननलिका टी२ ते टी८, दोघांचे पट्टे एकमेकांवर चढलेले, चार्टवर लाल आणि पिवळा मिसळून नारिंगी झालाय तिथे बघा. म्हणून हार्ट अटॅक अ‍ॅसिडिटीसारखा वाटतो. वाटतो म्हणजे खरंच तसाच वाटतो, पेशंट नाटक करत नसतो, कण्यातच दोन्ही निरोप एका ठिकाणी येतात. आणि टी१ चा पट्टा दंडाच्या-हाताच्या आतल्या बाजूला म्हणून डावा हात. आपल्याकडे छातीत जळजळलं की इनो, सोडा, ओवा, हिंग, आणि मग थोडं पडून राहा, असा क्रम असतो. पन्नाशीच्या माणसाला घाम फुटून छातीत दाब आला तर हा चार्ट बघायचा नाही, पाठ बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि ईसीजी काढायचा.

हृदयाच्या डाव्या-उजव्याचा भाग पण नीट दिलाय. उजव्या बाजूचे सिम्पथेटिक तंतू मुख्यतः एसए नोडला (जिथून ठोका सुरू होतो), डाव्या बाजूचे एव्ही नोड (जिथून तो खाली जातो) आणि व्हेंट्रिकलला (हृदयाच्या खालच्या कप्प्यांना), व्हेगस या पॅरासिम्पथेटिकच्या मुख्य नर्व्हचं पण तसंच, उजवा एसए ला, डावा एव्ही ला. परीक्षेत विचारतात की उजवी बाजू जास्त चाळवली तर कुठला ठोका बिघडेल. हे मला आधी नुसतं परीक्षेपुरतं वाटायचं, पण लाँग क्यूटी नावाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या आजारात काही पेशंटांचे डाव्या बाजूचे सिम्पथेटिक गँगलियन सर्जन खरोखर कापून काढतात आणि त्याने जीवघेणे ठोके कमी होतात. कार्डिओलॉजीवाल्यांना ओस्टिओपॅथीशी काही देणंघेणं नाही, पण नकाशा तोच.

चार्टची उजवी बाजू म्हणजे पॅरासिम्पथेटिक, ती चार्टवर आटोपशीर आहे कारण मुळातच सोपी आहे. मेंदूतून निघणाऱ्या तिसरी, सातवी, नववी आणि दहावी नर्व्ह, आणि खाली एस२ ते एस४. दहावी म्हणजे व्हेगस, ती हृदय-फुप्फुसापासून आडव्या कोलनच्या त्याच दोन तृतीयांश रेषेपर्यंत, पुढचं सगळं एस२ ते एस४. म्हणून मानेच्या अगदी वरच्या सांध्यांशी हात ठेवून करायची सबऑक्सिपिटल रिलीज व्हेगससाठी आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी हळूहळू डोलवायचं ते खालच्यासाठी. व्हेगसमधले बहुसंख्य तंतू, साधारण ८० टक्के, अवयवांकडून मेंदूकडे बातमी आणणारे असतात, हुकूम नेणारे कमी. हे चार्टवर कुठेच नाही, सगळे बाण अवयवाकडेच जाणारे काढलेत. रिफ्लेक्स शिकवायचा आणि येणारे बाणच दाखवायचे नाहीत हे जरा अतीच झालं.

आणखी एक गंमत. २०१६ मध्ये पॅरिसच्या एका गटाने सायन्स या जर्नलमध्ये पेपर काढला की एस२ ते एस४ वाले तंतू उंदरात गर्भातल्या वाढीच्या आणि जीन्सच्या हिशोबाने बघितले तर पॅरासिम्पथेटिक नाहीतच, सिम्पथेटिकच्या कुळातले आहेत. त्यावर बरीच भांडणं झाली, अजून पुस्तकं बदललेली नाहीत, परीक्षेत पॅरासिम्पथेटिकच लिहायचं. चार्टकडून याची अपेक्षा नाही, पण ज्यांना हा नकाशा दगडावर कोरलेला वाटतो त्यांनी हे माहीत करून घ्यावं.

दगडावरून आठवलं, लेव्हल्सचे आकडे पुस्तकापुस्तकात वेगळे असतात. हृदय कुठे टी१ ते टी५ तर कुठे टी६ पर्यंत, फुप्फुसं कुठे टी१ ते टी६ कुठे टी२ ते टी७, मूत्राशय कोणी टी११ पासून धरतं कोणी टी१२ पासून. याचं कारण साधं आहे, माणसामाणसांत फरक असतो आणि तंतू साखळीत शिरल्यावर वर-खाली एक-दोन लेव्हल सरकून मग बाहेर पडतात, त्यामुळे काठ धूसरच असणार. या चार्टने एकच आकडा छापलाय, ठासून, जणू वादच नाही. परीक्षेला बसणाऱ्यांनी आपल्या कॉलेजची शीट शेजारी ठेवून जिथे फरक आहे तिथे मार्करने लिहा, मॅट लॅमिनेशनवर बारीक परमनंट मार्कर चालतो आणि सॅनिटायझरने पुसता येतो.

आता कार्डं. इथे माझा मूड बदलतो. साठच्या आसपास कार्डं, जाड पुठ्ठा, एका कोपऱ्यात भोक पाडून रिंग घातलेली, दिसायला झकास. पुढच्या बाजूला अवयवाचं नाव, मागे आकडा. बस्स. गँगलियन नाही, नर्व्ह नाही, कारण नाही. म्हणजे चार्टवाल्या शहाण्या माणसाला घरी पाठवलं आणि कार्डं दुसऱ्याच कोणाकडून करून घेतली असं वाटतं. वर चुका. उतरत्या कोलनच्या कार्डावर मागे व्हेगस छापलंय, जे चूक आहे आणि त्यांच्याच चार्टवर बरोबर आहे. चॅपमन पॉइंटच्या दोन कार्डांवर किडनी आणि अ‍ॅड्रिनल यांची अदलाबदल झालीय, किडनीचा पॉइंट बेंबीच्या एक इंच वर एक इंच बाजूला, अ‍ॅड्रिनलचा दोन इंच वर एक इंच बाजूला, यांनी उलटं केलंय. मी ईमेल केला, पुढच्या छपाईत बघू असं उत्तर आलं, बदली कार्ड काही आलं नाही. पाठांतराच्या साधनात चूक म्हणजे नुसती चूक नाही, ती तुमच्या डोक्यात कायमची बसते आणि परीक्षेच्या दिवशी बाहेर येते.

चॅपमन पॉइंट म्हणजे काय ते सांगायला हवं. फ्रँक चॅपमन नावाचा डीओ होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याचं म्हणणं असं की प्रत्येक अवयवाशी जोडलेले ठराविक बिंदू शरीराच्या पुढे-मागे असतात, अवयव बिघडला की तिथे कातडीखाली साबुदाण्याच्या दाण्याएवढी बारीक, घट्ट, दाबली की झणकन दुखणारी गाठ लागते. अपेंडिक्सचा उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाला, हृदयाचा दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे छातीच्या हाडालगत, जठराच्या अ‍ॅसिडचा डावीकडे पाचव्या फटीत आणि त्याच फटीत उजवीकडे लिव्हर, कोलनचे तर थेट मांडीच्या बाहेरच्या बाजूला उलटसुलट मांडलेले. ऑटोनॉमिक लेव्हल्सच्या मागे निदान गर्भशास्त्र उभं आहे, हे मांडीवरचं कोलन मला कोणीच नीट समजावून दिलेलं नाही, आणि मी विचारलंय. परीक्षेत येतं म्हणून पाठ केलं. कार्डांचा निम्मा गठ्ठा यातच गेलाय आणि लेव्हल्सइतक्याच आत्मविश्वासाने छापलाय. दोन गोष्टींचं वजन सारखं नाही हे विकणाऱ्याने तरी सांगायला नको का?

सेटसोबत एक घडीचं पत्रक येतं. वाचून डोकं फिरलं. त्यात लिहिलंय की या लेव्हल्सवर काम करून तुम्ही अवयवांचं आरोग्य पूर्ववत करू शकता, आणि खाली बद्धकोष्ठापासून दम्यापर्यंत यादी. ही भाषा जुनी आहे. ओस्टिओपॅथीचा जनक ए. टी. स्टिलने १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं तेव्हा त्या काळची औषधं म्हणजे पारा आणि जुलाब, त्यापेक्षा हात बरा हे त्याचं म्हणणं त्या काळात चुकीचं म्हणता येत नाही. पुढे त्याच गावात १९४० च्या दशकात डेन्स्लो आणि कोर यांनी सुया लावून, यंत्रं लावून मोजलं की मणक्याच्या काही लेव्हल कमी दाबालाही लवकर भडकतात, त्यावरून फॅसिलिटेटेड सेगमेंट ही कल्पना आली, आजही आम्हाला तीच शिकवतात. पत्रकवाले कोरचं नाव घेतात पण तिथेच थांबतात, पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत काय झालं त्याचा पत्ता नाही.

त्यातली एक गोष्ट सांगते. म्हाताऱ्या माणसांच्या न्यूमोनियावर एक मोठी ट्रायल झाली, मोप्स म्हणतात तिला, २०१० मध्ये छापून आली, सात हॉस्पिटलं, पन्नाशीच्या वरचे ४०६ पेशंट, सगळ्यांना नेहमीची अँटिबायोटिक्स, त्यातल्या एका गटाला वर हाताची ट्रीटमेंट, एकाला नुसता हलका स्पर्श, एकाला काहीच नाही. ज्यांना ज्या गटात टाकलं होतं त्या सगळ्यांचा हिशोब धरला तर गटांत फरक नाही. ज्यांनी ठरल्याप्रमाणे सगळं पूर्ण केलं तेवढेच धरले तर हाताच्या ट्रीटमेंटवाले नुसत्या औषधवाल्यांपेक्षा साधारण एक दिवस लवकर घरी. म्हणजे आशा धरायला थोडी जागा आहे, छातीठोक सांगायला नाही. आमच्या डिपार्टमेंटमधले चांगले शिक्षक हे असंच्या असं सांगतात, पत्रक नाही सांगत.

शिवाय हाताला काय लागतं यावर दोन तपासणाऱ्यांचं एकमत होणं हीच मोठी अडचण. लॅबमध्ये चौघं एकाच पाठीवर हात ठेवतात आणि चार वेगवेगळ्या लेव्हल सांगतात, हे मी बघितलंय. दुखतंय का या प्रश्नावर त्यातल्या त्यात बरं एकमत होतं कारण उत्तर पेशंट देतो. बाकी टिश्यू सुजल्यासारखी आहे, रबरासारखी आहे, दोरीसारखी आहे, यात शिक्षक जे म्हणेल ते सगळ्यांना लागायला लागतं.

मग रोटेशनवर, म्हणजे हॉस्पिटलात पेशंट बघताना, याचा उपयोग होतो का? होतो, पण पत्रकात लिहिलाय तसा नाही. पित्ताच्या खड्यांच्या पेशंटच्या पाठीत उजवीकडे मधल्या भागात हात ठेवला की स्नायू आवळलेले लागतात, ते पाठीचं दुखणं म्हणून आठवडाभर गोळ्या खात असतात, मग तुम्ही जेवणाबद्दल विचारता, तेलकट खाल्लं की वाढतं का, आणि पुढे सोनोग्राफीत खडे निघतात. पाठीने निदान केलं नाही, पाठीने प्रश्न सुचवला. एवढ्यासाठी मला हा चार्ट आवडतो. टी५ ते टी९ डोक्यात पक्कं असलं की मधल्या पाठीचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही पोटाबद्दल विचारता, नाहीतर विचारलं नसतं. पाठ बरेच दिवस ट्रीट करूनही तोच पट्टा पुन्हापुन्हा आवळत असेल तर पुढे कोण (म्हणजे कुठला अवयव) बसलंय ते बघा, हे वाक्य आमच्या एका सरांनी लॅबमध्ये इतक्या वेळा म्हटलंय की त्याची नक्कल सगळ्यांना येते.

आणि रिब रेझिंग. पेशंट उताणा, तुमची बोटं पाठीखाली बरगड्यांच्या वळणापाशी, हलकेच वर उचलायचं, एकेक करत खाली यायचं. छातीतली सिम्पथेटिक साखळी बरोबर बरगड्यांच्या मुळांच्या पुढ्यात असते म्हणून ही जागा, चार्टवर आडव्या छेदात ते फार सुंदर दाखवलंय, मला ते चित्र बघूनच पहिल्यांदा कळलं की बोटं नेमकी कुठे. सिम्पथेटिक खरंच शांत होतं की नाही ते सोडा, हॉस्पिटलात उताणं पडून पाठ धरलेल्या माणसाला फार बरं वाटतं, श्वास मोकळा होतो असं ते स्वतःहून सांगतात, आणि तेवढा वेळ डॉक्टर त्यांच्याजवळ बसलेला असतो हेही आलंच त्यात. बरगडी मोडलेली असेल, मणक्याला इजा असेल, नुकतंच छातीचं ऑपरेशन झालं असेल तर करायचं नाही, ही सूचना चार्टवर कोपऱ्यात सहा पॉइंटच्या अक्षरात आहे, मोठी करा रे बाबांनो.

कोणी घ्यावा: डीओचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, डोळे मिटून. फिजिओ ज्यांना पाठदुखीतून आतलं दुखणं वेगळं ओळखायचंय, त्यांना तर माझ्या मते आमच्याहून जास्त उपयोग, कारण त्यांच्याकडे पेशंट आधी येतो आणि डॉक्टरकडे नंतर. एमबीबीएसवाल्यांना रेफर्ड पेनसाठी (मूळ एकीकडे, दुखणं दुसरीकडे) चालेल पण त्यांच्या अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकात हे सगळं आहेच, फक्त विखुरलेलं. घरी आपल्याआपण पाठ दाबून अ‍ॅसिडिटी घालवू अशा विचाराने घेणार असाल तर कृपया नको.

चार्टला चार, कार्डांना दीड, पत्रकाला काही नाही.

भारतात ते पाठवत नाहीत, पण चार्टची पीडीएफ ९ डॉलरला मिळते, ती घेऊन जवळच्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घ्या, फ्लेक्सवर नको, मॅट पेपरवर, आणि निदान ए२ आकारात, ए४ वर काढली तर गँगलियनची नावं वाचताच येत नाहीत आणि रंग पण काळपट येतात, टी१० टी११ चा हिरवा आणि टी१२ एल२ चा निळा एकच दिसतो, तर छापण्याआधी त्याला नमुना काढून दाखवायला सांगा.